डाग गेला, मी राहिलो

दचकू नका, हा आवाज एका कुत्रीच्या काखेतून येतोय. चष्मा पुसून उपयोग नाही, मी दिसणार नाही तुम्हाला. सुईच्या टोकावर माझं अख्खं गाव मावतं. जंतू म्हणतात मला. हा शब्द उच्चारताना तुम्ही नाक मुरडता हे मला ठाऊक आहे, पण मी तोंड लपवून बोलणाऱ्यातला नाही. माफी मागायला आलोय असं वाटत असेल, तर तो गैरसमज आताच काढून टाका.

आधी माझ्या कुळाबद्दल सांगतो. आम्ही कुत्र्यांच्या अंगावर राहणारे, पिढीजात. पिल्लू जन्मतं, आई त्याला चाटते, आणि त्या मायेबरोबरच आमची वस्ती त्याच्या अंगावर उतरते. नाकपुडीच्या कडेला, ओठांच्या घडीत, शेपटीखाली आम्ही गुपचूप असतो. आम्ही भाडं देत नाही, कुत्रा मागत नाही. धडधाकट कातडीवर आमच्याइतका गरीब प्राणी शोधून सापडणार नाही.

आमच्यात बारसं नाही आणि सुतकही नाही. एकाचे दोन, दोनाचे चार, आणि तुमची दुपारची डुलकी संपेपर्यंत मोजदाद सुटलेली. म्हणून मी 'मी' म्हणतो तेव्हा तो एकटा कुणी नसतो. माझी लाखो भावंडं मेली तरी मी बोलतच असतो. रोज मरे त्याला कोण रडे, ही म्हण तुम्ही माणसांनी केलीत, पण शोभते ती आम्हालाच.

मी ज्या कुत्रीच्या अंगावर वाढलो, ती एका लाँड्रीत राहते. कुणाच्या तरी लॉजवरून चादरींचं गाठोडं आलं, लाँड्रीवाल्याने ते टेबलावर सोडलं, आणि आत हे पिल्लू गाढ झोपलेलं! लॉजवाल्याने हात वर केले, म्हणाला आमचं नाही. लाँड्रीवाल्याने पिल्लाच्या कपाळावरच्या घड्या पाहिल्या आणि बायकोला हाक मारली. तिने पिल्लू पदराआड घेतलं आणि नाव ठेवलं 'सुरकुती'. त्या दुकानातली ही एकमेव सुरकुती, जिच्यावर इस्त्री फिरवायची कुणाची टाप नव्हती.

सुरकुती इस्त्रीच्या टेबलाखाली उबेला झोपायची. वर वाफ, खाली ती, आणि तिच्या घड्यांत मी. लाँड्रीवाला डाग काढण्यात पटाईत होता. शाई असो, गंज असो, तेल असो, लोक लांबून त्याच्याकडे कपडे आणायचे. त्याचा एकच नियम होता आणि तो आल्यागेल्याला ऐकवायचा. "डाग गेला की हात थांबला पाहिजे. पुढे घासत राहाल तर डागाबरोबर कापडही जाईल." कापडाच्या बाबतीत हे सोळा आणे खरं आहे. पण कुत्री म्हणजे कापड नव्हे, हे त्याला कळायला फार वेळ लागला, आणि तोवर माझं फावलं.

सुरुवात मी केलेली नाही, हे मात्र लिहून घ्या. कुणीतरी धुवायला टाकलेल्या गालिच्यातून पिसवा आल्या. त्या सुरकुतीला चावल्या, तिचं अंग खाजायला लागलं, तिने नखांनी आणि दातांनी काखेतली कातडी सोलून काढली. दार पिसवांनी ठोठावलं, उघडलं खुद्द घरमालकिणीने. उघड्या दारातून मी आत गेलो तर चोर कसा? आत ऊब होती, ओल होती, खायला होतं. मी वाढलो. तिच्या पोटावर पिवळ्या तोंडाचे फोड आले, मग लाल गोल चट्टे, कडांना कोंडा सुटलेले.

नवरा-बायको तिला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाई कमी बोलणाऱ्या, पण बोलल्या ते नेमकं बोलल्या. "गोळ्या देतेय. फोड गेले म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत. परत दाखवायला या, मी बघेन, मग ठरवू. आणि पिसवांचं औषध हिलाही लावा, घरातही फवारा."

"घरात पिसवा?" लाँड्रीवाल्याला ते लागलं. "बाई, आमचं दुकान म्हणजे नुसता साबण आणि उकळतं पाणी. आमच्याकडे कुठल्या पिसवा?"

ते औषध त्याने घेतलंच नाही. गोळ्या मात्र सुरू केल्या, आणि खोटं कशाला बोलू, आमची दाणादाण उडाली. माझे गोतावळे पटापट फुटून मेले. फोड वाळले, चट्टे फिके पडले, पोटावर नवी लव उगवली. थोडे चिवट तेवढे उरलो होतो. आणखी काही दिवस गोळ्या चालल्या असत्या, तर ही कहाणी सांगायला मी उरलो असतो की नाही, देव जाणे.

पण एका सकाळी लाँड्रीवाल्याने सुरकुतीला उताणी केली, पोट उजेडात धरलं, बोटाने दाबून पाहिलं आणि खूश झाला.

"गेला बघ डाग!"

"अहो, पण गोळ्या अजून आहेत की. बाईंनी सांगितलंय ना, त्यांना दाखवल्याशिवाय थांबायचं नाही?" बायको म्हणाली.

"अगं, डाग गेल्यावर कशाला रसायन घालायचं? पोरीचं कापड खराब होईल. ठेव त्या डब्यात, परत लागतील."

तो प्रेमाने बोलत होता, हे मलाही मान्य आहे. त्याच्या प्रेमानेच मला वाचवलं. जे मऊ होते ते मेले होते, आणि आता मोकळ्या रानात वाढायला आम्ही हट्टी तेवढे उरलो होतो.

पिसवा होत्याच. खाज परत आली, मीही परत आलो. लाँड्रीवाल्याने डबा उघडला, उरलेल्या गोळ्या चारल्या आणि डाग फिका पडताच पुन्हा थांबला. असं होत राहिलं. दर खेपेला माझ्यातले भित्रे जायचे आणि निगरगट्ट राहायचे. तुम्ही तालमीत पैलवान तयार करता ना, तसंच हे. फरक एवढाच की इथे खुराक, वस्ताद आणि आखाडा सगळं शत्रूच पुरवत होता.

मग एकदा डबा रिकामा झाला आणि दुकानात लाँड्रीवाल्याची थोरली बहीण आली. तिच्याबरोबर तिचा झुबकेदार शेपटीचा कुत्रा. सुरकुतीला खाजवताना पाहून तिने कपाळावर हात मारला.

"काय गं वहिनी, हे काय करून घेतलंयस हिचं? आमच्या सोन्यालाही अस्संच झालेलं. त्याच्या गोळ्या उरल्यात घरी. तुमच्या गोळ्यांपेक्षा भारी आहेत. पाठवते."

"नको ताई, डॉक्टरांना विचारल्याशिवाय..."

"डॉक्टर काय वेगळं देणार आहेत? मी काय परकी आहे का?"

नणंदेपुढे भावजयीचं चाललं नाही. लाँड्रीवाल्याला तर बहीण म्हणजे साक्षात वेद. गोळ्या आल्या. पण त्यांच्याआधी सोन्या आला होता, आणि तो सुरकुतीला खेटून टेबलाखाली झोपला होता. त्याच्या अंगावरही आमचे भाऊबंद होते, तशाच अर्ध्यामुर्ध्या गोळ्यांवर पोसलेले. आमच्यात विद्या दडवून ठेवत नाहीत. शेजारी गोळी अडवायची ढाल बनवायला शिकला असेल, तर तो तिची कृती सरळ तुमच्या हातात देतो. ना फी, ना गुरुदक्षिणा. मी त्याच्याकडून शिकलो. मग ताईंच्या भारी गोळ्या आल्या, आणि मी त्या पालथ्या घड्यावरच्या पाण्यासारख्या अंगावरून घालवल्या.

आता मला रान मोकळं होतं. लाँड्रीवाला औषधाच्या दुकानात गेला, "मागच्यापेक्षा स्ट्राँग काहीतरी द्या" म्हणाला, आणि त्या दुकानदारानेही न पाहता, न विचारता दिलं. मी तेही पचवलं.

सुरकुतीचे मात्र हाल झाले. हे मी आढ्यतेने सांगत नाही, आहे तसं सांगतोय. मला तिच्याशी वैर नव्हतं. मला फक्त जगायचं होतं, आणि माझं जगणं तिच्या अंगावर होतं. तिच्या काखा काळ्या आणि जाड झाल्या, केस झडले, पोट ओलं राहायला लागलं. वास असा सुटला की साबणाच्या वासावर मात करायचा. एक दिवस नेहमीच्या गिऱ्हाईक असलेल्या एका नर्सबाईंचा पांढराशुभ्र कोट घडी करून ठेवलेला होता, त्यावर सुरकुती अंग घासून गेली. कोटावर रक्ताचा आणि पुवाचा फराटा. नर्सबाईंनी पुढचे कपडे दुसरीकडे टाकले. त्यांच्यामागे आणखी काही गिऱ्हाइकं गेली.

सुरकुतीची रवानगी मागच्या मोरीत झाली. तिथे ती स्वतःला इतकं चावायची की फरशीवर रक्ताचे थेंब पडायचे. मग तिने खाणं सोडलं. वाटी तशीच, ती तशीच. दार उघडलं तरी शेपूट हलवेना.

लाँड्रीवाला मोरीच्या उंबऱ्यावर बसून तिच्याकडे बघत राहायचा. एका दुपारी तो आत आला आणि बायकोला म्हणाला, "मला आता बघवत नाही. डॉक्टरांना सांगून झोपवून टाकू तिला. सुटेल तरी."

बायको चादर घडी करत होती. तिने चादर तशीच टेबलावर टाकली.

"डाग निघत नाही म्हणून कुणाचं कापड जाळलंय का तुम्ही आजपर्यंत?"

"हा डाग नाहीये गं."

"मग इतके दिवस डाग, डाग काय करत होता? डाग गेला म्हणून गोळ्या बंद करताना बरा डाग होता! मी नाही झोपवणार तिला. मी गाठोड्यातून उचललीय तिला. तुम्हाला जमत नसेल तर दुकान सांभाळा, मी जाते बाईंकडे."

ती सुरकुतीला जुन्या चादरीत गुंडाळून, उचलून घेऊन गेली. तो शटर अर्धवट ओढून मागोमाग धावला. मला हसू आलं. म्हटलं, जा, कुठेही जा! मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, आणि मी तर मेलेलोही नव्हतो.

डॉक्टरीणबाईंनी सुरकुतीला तपासलं आणि आधी सगळी हकिकत विचारली. लाँड्रीवाल्याने खाली मान घालून डब्याचं, बहिणीच्या गोळ्यांचं, दुकानातून आणलेल्या गोळ्यांचं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी कापसाचा बोळा फोडावर फिरवला आणि तपासायला पाठवला. त्यावर बसून माझी वरात प्रयोगशाळेत गेली.

तिथला प्रसंग माझ्या आयुष्यातला सगळ्यात मानाचा. एका चपट्या बशीत आम्हाला खायला घालून पसरलं आणि मधेमधे औषधांच्या गोल टिकल्या ठेवल्या. ज्या टिकलीला जंतू घाबरतात, तिच्याभोवती ते फिरकत नाहीत, स्वच्छ कडं पडतं. मी काय केलं? एकेका टिकलीला जाऊन खेटलो. सकाळी तपासनिसाने बशी उजेडाकडे धरली आणि त्याच्या तोंडून "अरे बापरे" निघालं. कुणी माझ्या नावाने बापरे म्हणावं, एवढा मोठा मी कधी झालो होतो?

बाईंनी नवरा-बायकोला बोलावून घेतलं. "हा जंतू काही जास्त विषारी झालेला नाही," त्या म्हणाल्या. "फक्त हट्टी झालाय. नेहमीच्या कुठल्याच गोळीला जुमानत नाही."

हट्टी! माझं इतकं नेमकं कौतुक कुणी केलं नव्हतं.

"म्हणजे दुसरं औषधच नाही?" बायकोने विचारलं.

"एक-दोन आहेत. पण ती माणसांच्या अगदी अडलेल्या वेळेसाठी राखून ठेवलेली. आज हिच्यावर उडवली आणि हा तेही शिकला, तर उद्या आपल्या हातात काहीच राहणार नाही. मी ती देणार नाही."

लाँड्रीवाला उभाच राहिला. "मग तिला मरू द्यायचं का बाई? माझ्या चुकीने?"

"मरू कशाला द्यायचं? जंतू कातडीवरच आहे, खोल गेलेला नाही. वरच्याला वरूनच मारू. औषधी शॅम्पू देते. दोन दिवसांआड अंघोळ. फेस अंगावर दहा मिनिटं राहिला पाहिजे, मग धुवायचा. तिने तो चाटता कामा नये. आणि पिसवांचं औषध. या खेपेला घरातसुद्धा."

"अंघोळ?" लाँड्रीवाला एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसला. "बाई, धुणं हाच आमचा धंदा."

मीही हसलो. जिथे मोठमोठ्या गोळ्यांनी हात टेकले, तिथे साबणाचं पाणी काय दिवे लावणार? आणि पहिल्या काही अंघोळी खरंच माझ्या बाजूने गेल्या. लाँड्रीवाला फेस काढायचा फक्कड, बोटं चालवायचा सराईत, आणि लगेच तांब्यावर तांबे ओतून तो धुऊन टाकायचा. आयुष्यभर त्याने हेच केलं होतं. तीव्र रसायन कापडावर क्षणभरही जास्त ठेवायचं नाही, नाहीतर भोक पडतं. दहा मिनिटं हा शब्द त्याच्या कानात गेला होता, हातात उतरत नव्हता. मी फेसाचा थोडा चटका खायचो, मरता मरता वाचायचो आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा गोकुळ भरायचो.

एकदा बायको मोरीत टॉवेल द्यायला आली आणि दारातच थबकली.

"धुतलात? एवढ्यात?"

"फेस चांगला झाला होता गं. जास्त ठेवला तर कातडी..."

"अहो, कॉलरचा मळ तुम्ही असा काढता का? आधी साबण लावून भिजत ठेवता ना? वर वर पाणी मारून कधी निघालाय तो?"

लाँड्रीवाल्याच्या हातातला तांब्या हातातच राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काय झरझर येऊन गेलं, ते मी ओल्या केसांच्या मुळाशी बसून पाहिलं. तो हळूच म्हणाला, "पोरीला डाग समजलो. ही तर मळलेली कॉलर आहे."

"काहीही असू दे. सरका तुम्ही. मी बसते."

त्या दिवसापासून माझे दिवस फिरले. ती बाई पाटावर बसायची, सुरकुतीच्या काखांत, पोटावर, बोटांच्या बेचक्यांत फेस चोपडायची आणि मांडी ठोकून थांबायची. सुरकुतीने तोंड खाली नेलं की हनुवटी धरून वर करायची. कुत्री एका जागी थांबावी म्हणून तिच्याशी गप्पा मारायची. गप्पा कसल्या, नणंदेच्या तक्रारी! ताईंनी काय म्हटलं, ताईंना आपण काय म्हणायला हवं होतं, आणि ते आयत्या वेळी कसं सुचलं नाही. सुरकुती डोळे मिटून ऐकायची. मी मात्र फेसात फुटत होतो. गोळी अडवायची विद्या माझ्याकडे होती, पण हा फेस गोळीसारखा एका वाटेने येत नव्हता. तो माझ्या अंगाचं कवचच फाडत होता आणि सावरायला वेळ देत नव्हता. त्या घरातली सगळी भांडणं मी मरता मरता ऐकली.

पिसवाही गेल्या. लाँड्रीवाल्याने दुकान रिकामं करून, टेबलामागच्या भेगांपासून जुन्या पोत्यांपर्यंत सगळीकडे औषध मारलं. झाडून काढलेल्या कचऱ्यात पिसवा सापडल्या, तेव्हा त्याने बायकोला दाखवायच्या आधीच कचरा बाहेर टाकला. पण तिने पाहिलंच होतं.

सुरकुती आधी चावायची थांबली. मग वाटी चाटूनपुसून रिकामी व्हायला लागली. काखेतला काळा थर सुटला, खाली गुलाबी कातडी दिसली. एका सकाळी मोरीचं दार उघडताच ती लाँड्रीवाल्याच्या पायांतून निसटली, थेट इस्त्रीच्या टेबलाखाली जाऊन बसली आणि तिथून शेपटीने फरशी बडवायला लागली. तो तिच्याजवळ खाली बसला आणि गिऱ्हाइकांसमोर, काही न लाजता, ढसाढसा रडला.

त्याच आठवड्यात ताई आल्या. सोन्याचं पुन्हा अंग खाजत होतं.

"तुझ्याकडच्या सुरकुतीला लागू पडलेल्या गोळ्या दे रे थोड्या. सोन्याला देऊन बघते."

मी कान टवकारले. असतील नसतील तेवढ्या आशा गोळा केल्या. लाँड्रीवाला बहिणीसमोर कधी 'नाही' म्हणालेला नव्हता.

"गोळ्या नाहीत, ताई," तो म्हणाला. "असत्या तरी दिल्या नसत्या. सोन्याला बाईंकडे घेऊन जा, मी येतो बरोबर."

"मला शिकवतोस?"

"हो," तो म्हणाला. "चुका करून शिकलोय, म्हणून शिकवतोय."

ताई फणकाऱ्याने उठल्या, पण सोन्याला घेऊन गेल्या त्या दवाखान्याच्या दिशेने.

तर अशी माझी कथा. आता मी थोडासाच उरलोय, काखेतल्या एका घडीत आणि नाकपुडीच्या कडेला, माझ्या वाडवडिलांच्या जागी. पण मी हरलोय असं समजू नका. माझी ढाल माझ्याकडेच आहे. तुमची कुठलीही गोळी मी अजून पचवून दाखवीन. माझे भाऊबंद घरोघरच्या उशांवर, सोफ्यांवर, कुत्र्यांच्या ओल्या जिभांवर बसून वाट बघताहेत. कुणीतरी डागाकडे बघून औषध थांबवेल, कुणीतरी शेजारणीला उरलेली गोळी देईल, कुणीतरी न विचारता मागेल आणि कुणीतरी न बघता देईल याची. दया माया मी मागत नाही आणि कुणाला दाखवतही नाही. मला घाई तर मुळीच नाही. तुम्हाला विसरायची सवय आहे, आणि मला टिकायची.

अडचण सध्या एकच आहे. कपड्यांची गर्दी असली, इस्त्री तापलेली असली, दारात गिऱ्हाईक उभं असलं, तरी अंघोळीची वेळ झाली की ती बाई हातातलं काम टाकून पाट ओढते आणि हाक मारते, "सुरकुते, चल गं." आणि ती वेडी कुत्री, जिला मी एवढं छळलं, शेपटी हलवत स्वतःहून मोरीत जाते.